सत्तर तास नेमके कुणाचे?

मागच्या महिन्यात एका बुद्धविहारात करिअर मार्गदर्शनाचे शिबिर होते. आम्हीही गेलो होतो. बारावी झालेली, डिप्लोमा करणारी, नुकतीच हिंजवडीला नोकरीला लागलेली शे-दीडशे पोरेपोरी होती. वक्त्याने भिंतीवर इन्फोसिसच्या नारायण मूर्तींचा तो प्रसिद्ध व्हिडिओ लावला. तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे, तरच देश पुढे जाईल, हे त्यातले वाक्य संपताच टाळ्या पडल्या. आमच्यातल्या एकाने उठून विचारले, हे तुम्हाला पटते का? त्यावर एक हुशार पोरगा म्हणाला, "सर, बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे. मग सत्तर तासांत चूक काय?"

या प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे. 14 एप्रिलच्या निमित्ताने वस्त्यावस्त्यांत, वसतिगृहांत सलग अठरा तास वाचनाला बसण्याचा उपक्रम आपणच चालवतो. त्या अठरा तासांचा धागा पकडून कुणी आपल्या पोरांना कंपनीच्या खुर्चीला बांधत असेल, तर गप्प बसून चालणार नाही.

आधी कोण काय म्हणाले ते पाहू. ऑक्टोबर 2023 मध्ये मोहनदास पै यांच्याशी बोलताना मूर्तींनी सत्तर तासांचा मुद्दा मांडला. भारताची उत्पादकता जगात फार कमी आहे आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी-जपानच्या लोकांनी असेच कष्ट उपसले, हा त्यांचा आधार. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांची एक चित्रफीत बाहेर आली. त्यांना नव्वद तास हवे होते, रविवारीही काम करून घेता येत नाही याचा त्यांना खेद होता आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असा त्यांचा सवाल होता. या साहेबांचे 2023-24 चे वेतन सुमारे 51 कोटी. त्यांच्याच कंपनीतल्या मधल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या पाचशेपटींहून जास्त. नव्वद तास सांगायला काय जाते?

आता त्या पोराचा प्रश्न. बाबासाहेब कोलंबियात, लंडनमध्ये, राजगृहात रात्र रात्र वाचत होते ते कुणासाठी? त्या अठरा तासांचा मालक कोण होता? ते स्वतः. त्या वाचनातून जे निघाले ते समाजाच्या हाती आले, कुण्या भागधारकाच्या खात्यात गेले नाही. आणि असे अठरा तास वाचणारा माणूस मजूरमंत्री झाला तेव्हा त्याने कामगाराला अठरा तास राबायला सांगितले नाही. त्याने कामाचे तास कमी केले. आपल्या व्हॉट्सअॅपवर 'चौदाचे आठ तास केले' अशी पोस्ट फिरते. ती जरा तपासून पुढे पाठवा. 1934 च्या कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याला 54 तासांची मर्यादा होती. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना आणलेल्या 1946 च्या दुरुस्तीने ती 48 वर आली. हे सत्य पोस्टपेक्षा लहान दिसते, पण ते कायद्याच्या पुस्तकात आहे, कुणाला खोडता येत नाही. ज्याने स्वतः इतके कष्ट केले त्यालाच कळत होते की कामगाराला वाचायला, संघटना बांधायला, लेकरांजवळ बसायला वेळ लागतो. तो वेळ मालकाच्या मर्जीवर सोडता येत नाही.

आता मुख्य प्रश्न, सत्तर तास कुणाचे. त्या शिबिरात मागे सतरंजीवर काही आयाबाया बसल्या होत्या. त्यातल्या एक काकी आयटी पार्कमध्ये हाउसकीपिंगला आहेत. बारा तासांची ड्युटी, आठवड्याला सहा दिवस. बाराला सहाने गुणा, बहात्तर होतात. जाण्या-येण्याचे दोन-अडीच तास वेगळे, घरी गेल्यावरची चूल वेगळी. म्हणजे मूर्तींचे उद्दिष्ट या काकी कित्येक वर्षांपासून दोन तास जास्तीने पूर्ण करीत आहेत. गेटवरचा वॉचमन करतो आहे, कॅन्टीनमध्ये भांडी घासणारा पोरगा करतो आहे. मग राष्ट्र घडवल्याचा पुरस्कार यांना कोणी दिला? यांची मुलाखत कोणी घेतली? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या आकडेवारीनुसार भारतातले जवळपास निम्मे कामगार आठवड्याला 49 तासांहून अधिक राबतात. कष्टांनी देश श्रीमंत होत असता तर तो केव्हाच झाला असता, आणि सगळ्यात आधी आपल्या वस्त्या झाल्या असत्या. आपल्या पूर्वजांनी गावकीची कामे केली, मेलेली ढोरे ओढली. त्यांच्या तासांची कुठे नोंदच नाही.

मूर्ती स्वतः 1994 पर्यंत आठवड्याला 85-90 तास काम करीत होते असे सांगतात. खोटे म्हणायचे कारण नाही. पण त्या काळात त्यांच्या घरचा स्वयंपाक, धुणीभांडी, लेकरांची आजारपणे कुणीतरी केलीच असणार. पुढाऱ्याचे नव्वद तास उभे राहतात तेव्हा त्यांच्या खाली बाईचे आणि मोलकरणीचे तास असतात, आणि ते त्या भाषणात येत नाहीत. बायकोकडे किती वेळ बघणार, असे विचारणाऱ्याला घरात बाई काम करते हेच दिसलेले नाही.

जर्मनी-जपानचे उदाहरण आपल्या पोरांच्या तोंडी बसलेले आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू. जपानमध्ये युद्धानंतर नुसते कष्ट झाले नाहीत. 1946 नंतर तिथे जमीन सुधारणा झाली, सरकारने जमीनदारांकडून जमीन घेऊन कुळांना दिली. जर्मनीत 1951 च्या कायद्याने कोळसा आणि पोलाद उद्योगांच्या देखरेख मंडळावर कामगारांच्या प्रतिनिधींना मालकांच्या बरोबरीने जागा मिळाल्या. 1953 मध्ये त्या देशाचे निम्म्याच्या आसपास बाहेरचे कर्ज माफ झाले. 1956 पासून तिथल्या कामगार संघटनांनी पाच दिवसांच्या आठवड्यासाठी मोहीम चालवली आणि हळूहळू चाळीस तासांचा आठवडा मिळवला. आणि जास्त कामाने येणाऱ्या मृत्यूसाठी जपानी भाषेत 'कारोशी' हा वेगळा शब्द आहे, हेही त्याच उदाहरणाचे दुसरे पान. मूर्ती साहेबांनी जपानचा घाम घेतला, जमीनवाटप सोडून दिले. जर्मनीची शिस्त घेतली, संचालकांच्या टेबलावरची कामगाराची खुर्ची सोडून दिली. आमचे म्हणणे एवढेच, आणायचे तर सगळे आणा. गायरान जमिनीच्या पट्ट्यांसाठी मराठवाड्यात आपली माणसे अजून तहसीलच्या पायऱ्या झिजवत आहेत. तिथून सुरुवात करू.

धोरणाबद्दलही हे लोक बोलतात. फुकटच्या योजनांनी गरिबी जात नाही, असे मूर्ती म्हणाले. कल्याणकारी योजनांमुळे मजूर कामासाठी बाहेर पडत नाहीत, असे सुब्रह्मण्यन फेब्रुवारी 2025 मध्ये चेन्नईत म्हणाले. मनरेगाचेही नाव त्यांनी घेतले. त्या योजनेचे मूळ आपल्या महाराष्ट्रात आहे, 1972 च्या दुष्काळातल्या रोजगार हमीत. रखरखत्या उन्हात खडी फोडून मिळणाऱ्या मजुरीला फुकट म्हणायचे? बरे, मजूर मिळत नाही तर मजुरी वाढवा. बाजाराचा नियम तुम्हीच शिकवता ना! आणि फुकटाचाच हिशेब काढायचा तर सॉफ्टवेअर निर्यातीच्या नफ्यावर 2011 पर्यंत आयकराची सूट होती, ती कोणत्या खात्यात धरायची? मूर्ती ज्या आयआयटी कानपूरमध्ये शिकले ती जनतेच्या पैशावर चालते. त्यांनी मार्च 2024 मध्ये चार महिन्यांच्या नातवाला सुमारे 240 कोटींचे शेअर दिले. त्या बाळाने सत्तर तास कोणत्या आठवड्यात भरले? तो त्यांचा घरचा प्रश्न आहे, मान्य. मग रेशनचे पाच किलो धान्य हा आमच्या घरचा प्रश्न का होत नाही?

मूर्तींनी कंपनीच्या कर्मचाऱ्यांना शेअर दिले, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. बाकीच्या शेटजींच्या मानाने ते मोठे पाऊल होते. ते करुणामय भांडवलशाहीचीही भाषा करतात. करुणा हा शब्द आम्हाला तथागताने दिला आहे. पण ज्या करुणेला कायद्याचा आधार नाही ती मालकाचा मूड बदलला की संपते. म्हणून बाबासाहेबांनी मुख्य उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी तरतूद 1947 मध्ये लिहून मागितली. 1938 मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, आणि त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईच्या कामगारांना रस्त्यावर आणले. त्याच मुंबईच्या गिरण्यांमध्ये विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नव्हते, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे. कामाची गुणवत्ता धाग्याने नव्हे, थुंकीच्या जातीने ठरत होती.

आता थुंकीची जागा आडनावाने घेतली आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा 2007 सालचा अभ्यास वाचा. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे बदलली. दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. 2012 मध्ये आणखी एक अभ्यास आला, देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा. सुमारे 93 टक्के संचालक सवर्ण. अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन टक्के. तेव्हा सत्तर तास भरले की वर चढता येते, असे सांगणाऱ्याने आधी जिन्याच्या दाराला कुलूप कुणी लावले ते सांगावे.

मूर्ती दांपत्याने ऑक्टोबर 2025 मध्ये कर्नाटकच्या सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणात माहिती देण्यास नकार दिला. आम्ही मागास नाही, आमच्या माहितीचा उपयोग नाही, असे त्यांचे म्हणणे होते. नकार देण्याचा त्यांना अधिकार होता. पण मोजणी फक्त खालच्यांची करायची आणि वरच्यांनी मोजपट्टीच्या बाहेर उभे राहायचे, हे आम्हाला कसे मान्य व्हावे? कुणाकडे काय साचले आहे हे कळल्याशिवाय कुणाला काय मिळाले नाही हे कळत नाही. आमच्या तासांचा हिशेब मागणाऱ्यांना स्वतःच्या जातीच्या भांडवलाचा हिशेब नको आहे.

या उपदेशाचा परिणाम दूर नाही. सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या कामाची दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तास करण्याला आणि तिमाहीतला ओव्हरटाइम 115 वरून 144 तास करण्याला मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती लागेल, असे त्यात आहे. कंत्राटी पोराला सुपरवायझरने कागद पुढे केल्यावर तो नाही म्हणू शकेल का, हे मंत्रालयात बसलेल्यांना ठाऊक नसेल असे आम्हाला वाटत नाही. आधी उद्योगपती बोलतात, मग पोरे टाळ्या वाजवतात, मग कायदा बदलतो. टाळ्यांची किंमत ती.

पोरांनो, मेहनत करू नका असे आम्ही म्हणत नाही. कोडिंग शिका, इंग्रजी शिका, परीक्षा द्या, रात्री जागा. मात्र ते तास तुमचे आहेत हे विसरू नका. 2024 मध्ये पुण्यातल्या एका नावाजलेल्या कंपनीत लागून चार महिने झालेली 26 वर्षांची मुलगी गेली, आणि तिच्या आईने कामाच्या ओझ्याविषयी कंपनीला पत्र लिहिले. ती आपल्या वस्तीची नव्हती. पण ते पत्र प्रत्येकाने वाचावे.

त्याच विहारात पुढच्या महिन्यात पुन्हा बसायचे ठरले आहे. या वेळी व्हिडिओ नाही. पगाराची पावती कशी वाचायची, पीएफ कापला तो भरला गेला का हे कसे पाहायचे, ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर आहे तो कसा मागायचा, एवढेच घेणार आहोत. हाउसकीपिंगच्या त्या काकींची सुट्टी रविवारी असते, म्हणून रविवार धरला आहे. येताना आपापल्या आईवडिलांच्या तीन महिन्यांच्या पावत्या घेऊन या. पावतीच मिळत नसेल, तर तसेच या.