विश्लेषण : भिंतीतून सरकणारा पलंग आणि नवऱ्याची ‘मालकी’… बर्गमनचा १९५५चा फार्स आपल्या कलम ४९७ची आठवण का करून देतो?

विवाहबाह्य संबंधांवरची कॉमेडी म्हटलं की आपल्याकडे चित्र ठरलेलं असतं. नवरा बाहेर गुंतलेला, बायको भोळी, थापा मारायला मित्र हजर. ‘पती पत्नी और वो’मधला (१९७८) नवरा बायको मरणपंथाला लागल्याचं सांगून सेक्रेटरीची सहानुभूती मिळवतो, पकडला जातो आणि नवी सेक्रेटरी येताच पुन्हा पाघळतो. आपण हसतो ते त्याच्या बाजूने. इंगमार बर्गमनच्या ‘स्माइल्स ऑफ अ समर नाइट’मध्ये हसू नेमकं उलट्या दिशेने जातं, म्हणून तो पाहायला हवा.

बर्गमन आणि कॉमेडी?

मृत्यूशी बुद्धिबळ खेळणाऱ्या सरदाराच्या ‘द सेव्हन्थ सील’चा हा दिग्दर्शक. पण तो चित्रपट त्याला करता आला तो या फार्सच्या यशामुळे. १९५६च्या कान महोत्सवात ‘स्माइल्स…’ला काव्यात्म विनोदासाठी पुरस्कार मिळाला. त्याच महोत्सवात ‘पथेर पांचाली’चाही गौरव झाला होता. पुढे स्टीफन सॉन्डहाइमने यावरून १९७३मध्ये ब्रॉडवेवर ‘अ लिटल नाइट म्युझिक’ हे संगीत नाटक आणलं.

गुंता नेमका काय?

काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, देश स्वीडन. फ्रेडरिक एगरमन हा मध्यमवयीन वकील. त्याची दुसरी बायको अॅन जेमतेम १९ वर्षांची. लग्नाला दोन वर्षं झाली, पण संसार अजून कागदावरच. पहिल्या बायकोपासून झालेला, धर्मशास्त्र शिकणारा मुलगा हेन्रिक या सावत्र आईच्याच प्रेमात. फ्रेडरिक सल्ल्यासाठी जुनी प्रेयसी, नटी देझिरेकडे जातो, वाटेत डबक्यात पडतो आणि तिच्या घरी दुसऱ्याच पुरुषाचा नाइटशर्ट घालून बसतो. तेवढ्यात नाइटशर्टचा मालक येतो. हा लष्करातला काउंट माल्कम. तो फ्रेडरिकला त्याच अवतारात घराबाहेर काढतो.

या काउंटचं तत्त्वज्ञान चित्रपटाचा कणा आहे. बायकोकडे कुणी पाहिलं तर चालेल, पण प्रेयसीला हात लावाल तर खबरदार, असं तो बजावतो. थोड्या वेळाने बायकोवर कुणाची नजर आहे असं कळताच नेमकं उलट बोलतो. म्हणजे प्रेम ना हिच्यावर, ना तिच्यावर. प्रश्न फक्त सातबारा कुणाच्या नावावर, एवढाच.

कलम ४९७चा संबंध काय?

इथे मला आपलं भारतीय दंड विधान आठवलं. १८६०च्या या कायद्यातलं कलम ४९७ व्यभिचाराला पाच वर्षांपर्यंत शिक्षा सांगायचं, पण फक्त परपुरुषाला. विवाहित स्त्री गुन्हेगार नव्हती आणि फिर्यादीही होऊ शकत नव्हती. नवऱ्याचं बाहेर प्रकरण असेल तर बायकोला या कलमाखाली दाद नव्हती. कहर म्हणजे नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही! शेजाऱ्याच्या परवानगीने त्याची स्कूटर नेली तर चोरी होत नाही, त्यातला प्रकार. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी हे कलम रद्द केलं. व्यभिचार घटस्फोटाचं कारण म्हणून मात्र कायम आहे. तेव्हा ‘आता रान मोकळं’ छापाच्या विनोदांचा पूर आला होता. २०२३मध्ये संसदेच्या स्थायी समितीने स्त्री-पुरुष दोघांना लागू होईल अशा स्वरूपात ही तरतूद परत आणण्याची शिफारस केली. भारतीय न्याय संहितेत ती आली नाही.

काउंट हा कलम ४९७चा चालताबोलता नमुना आहे. आणि बर्गमन त्याला शिक्षा करत नाही, हास्यास्पद करतो. माझ्या मते ते तुरुंगापेक्षा परिणामकारक आहे. देझिरे आणि काउंटची बायको शार्लट एकमेकींच्या झिंज्या उपटत नाहीत, तर एकत्र बसून बेत आखतात. आपल्याकडच्या अशा सिनेमांत बायको आणि ‘ती’ भेटल्या की रडारड ठरलेली!

मग पलंगाचं काय?

देझिरेच्या आईच्या वाड्यात भिंतीतून सरकणारा पलंग आहे. बटण दाबलं की संगीत वाजतं आणि शेजारच्या खोलीतला पलंग माणसासकट अलीकडे येतो. चार वर्षांच्या इंजिनीअरिंगमध्ये पाहिलेलं कुठलंही यंत्र माझ्या इतकं लक्षात राहिलेलं नाही. हेन्रिक निराशेत गळफास घ्यायला जातो, फास सुटतो, धडपडताना बटण दाबलं जातं आणि झोपलेली अॅन थेट त्याच्या खोलीत! दोघं पळून जातात. फ्रेडरिक अंधारात उभा राहून ते पाहतो. फार्समध्ये हसण्याची किंमत कुणीतरी मोजावी लागते. इथे ती मुलगा आणि बायको दोघांना गमावून नवरा मोजतो.

चित्रपट निर्दोष नाही. अॅन बाहुलीसारखीच राहते, तिला स्वतःचं डोकं दिलेलं नाही. त्यापेक्षा मोलकरीण पेत्रा कितीतरी जिवंत वाटते.

देझिरेला एक लहान मुलगा आहे. त्याचंही नाव फ्रेडरिक. वकीलसाहेब चपापतात, हा आपला का, असं विचारतात. देझिरे त्यांना दाद लागू देत नाही. मूल तिचं आहे, बस्स.