पांढरीतली खापरे आणि नेपल्सच्या किनाऱ्याची वाइन

१. औरंगपुऱ्यातून पायी निघाले की थोड्याच वेळात पैठण दरवाजा लागतो. दरवाजा मोगलकालीन आहे. पण तो ज्या गावाचे नाव मिरवतो, ते त्याच्याहून दीड हजार वर्षांनी तरी जुने. या शहराचा इतिहास बहुधा मलिक अंबरपासून मोजला जातो. दरवाजाचे नाव मात्र त्याही मागे बोट दाखवते. पैठणची ती वाट एके काळी गोदाकाठाला इटलीच्या किनाऱ्यावरील द्राक्षमळ्यांशी जोडत होती.

२. ते मळे कंपानिया प्रांतातले. नेपल्सच्या वायव्येस, समुद्राजवळच्या मास्सिको डोंगराच्या उतारावर ‘फालेर्नियन’ नावाची वाइन होत असे. ती श्वेत वाइन मानली जाते. वर्षानुवर्षे मुरली की तिला अंबरासारखी पिवळसर तपकिरी छटा येई. इ.स. पहिल्या शतकातला प्लिनी आपल्या ग्रंथाच्या चौदाव्या भागात तिचे तीन प्रकार सांगतो आणि ज्योत लावताच पेट घेणारी ही एकमेव वाइन, असेही नोंदवतो. त्याच परिसरात आजही ‘फालांगिना’ या द्राक्षाची श्वेत वाइन बनते.

३. ‘पेरिप्लस’ हे इ.स. पहिल्या शतकातील ग्रीक भाषेतले व्यापारी टिपण. लिहिणाऱ्याचे नाव हरवले, माहिती उरली. भडोच बंदरात काय खपते याच्या यादीत तो प्रथम वाइन लिहितो: पसंती इटलीच्या वाइनला, त्याखेरीज सीरियातील लाओडिकियाची आणि अरबस्तानची. राजासाठी न्यायच्या वस्तूंत उंची वाइन वेगळी सांगितली आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, अशी अंतरेही तो देतो. पैठणहून गोमेदासारखे रंगीत दगड आणि तगरहून कापड गाड्यांत भरून, नीट रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जाई.

४. ग्रंथातल्या ओळीला मातीची साक्ष मिळाली ती प्रवरेकाठी. १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने नेवासे येथे उत्खनन केले. तेथे अँफोरांची, म्हणजे दोन कानांच्या उंच रोमन कुंभांची, खापरे निघाली. अशा एका कुंभात साधारण २५ लिटर वाइन मावे. पुढे या खापरांची भूवैज्ञानिक तपासणी झाली, तेव्हा काहींच्या मातीत काळ्या ज्वालामुखी खनिजांचे कण आढळले. ही खूण नेपल्सच्या उपसागराभोवतालच्या मातीची. व्हेसुव्हियसच्या परिसरात भाजलेला कुंभ लाल समुद्र आणि अरबी समुद्र ओलांडून, घाट चढून नेवाशात फुटला होता.

५. येथेच सावध व्हायला हवे. खापराची माती कुंभ कोठे घडला हे सांगते. त्यातली वाइन श्वेत होती की तांबडी, फालेर्नियन होती की एखाद्या सामान्य मळ्यातली, हे सांगत नाही. ‘सातवाहन राजे फालेर्नियन पीत’ हे वाक्य ऐकायला मोहक आहे. पण त्याला पुरावा नाही. ‘कंपानियाची वाइन दख्खनमध्ये येत होती’ एवढेच म्हणता येते, आणि तेही कमी नाही.

६. हा व्यापार एकतर्फी नव्हता. १९३८ साली पॉम्पेई येथे भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ते नगर इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्याआधीच तेथे पोहोचली होती. तिच्याशी नाते सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे. ज्या उपसागराच्या काठची वाइन नेवाशात आली, त्याच काठावर दख्खनशी नाते सांगणारी ही मूर्ती सापडावी, ही गोष्ट राजांच्या वंशावळीपेक्षा पुष्कळ जास्त सांगते.

७. समाजमाध्यमांवर मात्र यातले एकच वाक्य फिरते: भारत दरवर्षी रोमची पाच कोटी सेस्टर्स नाणी ओढून घेतो, ही प्लिनीची तक्रार. त्यावरून ‘आपण रोमला भिकेला लावले’ असा निष्कर्ष निघतो. परंतु चैनीवर कोरडे ओढणाऱ्या नीतिवाद्याची ही तक्रार आहे, जमाखर्चाची वही नव्हे. आणि ज्यांनी रोमचे सोने घेतले, ते रोमची वाइनही विकत घेत होते. व्यापाराला जय-पराजयाची भाषा लावली की दोन्ही बाजूंचे कुंभार, गाडीवान आणि खलाशी दृष्टीआड होतात.

८. खापर गर्वालाही आवर घालते. भारतात ‘रोमन अँफोरा’ म्हणून नोंदलेली अनेक खापरे रोबर्टा टॉम्बर यांनी पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतली बरीच मेसोपोटेमियातील ‘टॉर्पेडो’ रांजणांची, नंतरच्या काळातली निघाली. काहींना यात रोमशी असलेले नाते उणावल्याचे दुःख झाले असेल. वस्तुतः दख्खनच्या संबंधांचा पट त्यामुळे इराणी आखातापर्यंत रुंदावला. दुरुस्ती ही इतिहासाची हानी नव्हे, मिळकत होय.

९. पण ही दुरुस्ती शक्य झाली, कारण ती खापरे कोठून आली हे नोंदवून कोणीतरी जपून ठेवली होती. मराठवाड्यात जुन्या वस्तीच्या टेकाडाला ‘पांढर’ म्हणतात. माळवदावर घालायला तिची माती पिढ्यान्‌पिढ्या नेली गेली. पावसाळ्यात ती धुपते. आता भर पडली आहे ती हौशी संग्राहकांची: खापर उचलायचे, धुवायचे, छायाचित्र टाकायचे आणि खणात ठेवायचे. धुतल्याने आत चिकटलेला अंश नाहीसा होऊ शकतो. उचलल्याने जागा हरवते. उरतो तो भाजलेल्या मातीचा मुका तुकडा.

१०. यावर तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांचे उदाहरण पुढे केले जाईल. त्यांनी वस्तू गोळा केल्या नसत्या, तर तेरचे संग्रहालय उभे राहिले नसते, हे खरेच. त्यांचा संग्रह सर्वांसाठी खुला झाला, हे त्यांचे मोठेपण. तरीही त्यातील अनेक वस्तू कोणत्या थरातल्या हे कळत नाही आणि काळाचा वाद तेथेच अडतो. ज्या काळी दुसरा उपाय नव्हता त्या काळचे पुण्यकर्म, हातात कॅमेरा आणि नकाशा असलेल्या पिढीने जसेच्या तसे गिरवू नये.

११. म्हणून पांढरीवर खापर दिसले तर ते जागेवरच राहू द्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, ठिकाण टिपावे आणि पुरातत्त्व विभागाला किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाला कळवावे. नेवाशाचे काळे कण दिसायला भिंग लागले आणि कित्येक दशके थांबावे लागले. उद्याच्या भिंगाला पाहण्यासारखे काही शिल्लक ठेवणे, हे आजच्या इतिहासप्रेमींचे पहिले काम आहे.