आई वेचणीला, बालक झोळीत

कापसाची वेचणी सुरू झाली की बुलडाणा जिल्ह्यातील वैद्यांपुढे एक मागणी हमखास येते : ‘वर्ष-दीड वर्षाचे मूल आजीजवळ दुपारी झोपत नाही, आईसाठी आकांत करते, झोपेचे काहीतरी द्या.’ ही मागणी आपण जशीच्या तशी मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दिवास्वापाचा सर्वसाधारण निषेध करणाऱ्या चरकाचार्यांनी बालकांना मात्र सर्व ऋतूंत दिवसा झोपण्याची मुभा दिली आहे. तेव्हा ही झोप आवश्यकच; प्रश्न ती का मोडते, हा आहे. कर्णशूल, दंतोद्भव, कृमी, प्रतिश्याय ही कारणे प्रथम तपासावीत. ती नसतील तर आई घरातून कशी निघते, हे विचारावे.

बहुतेक घरांत आई मूल झोपल्यावर हळूच निघते. रडे टाळण्याचा हेतू चांगला असतो, परिणाम मात्र उलटा होतो. डोळे मिटताना आई जवळ होती, उघडले तेव्हा नाही, असा अनुभव पुनःपुन्हा आला की बालक झोपेलाच भिऊ लागते. झोप लागली की आई जाते, एवढे त्याला पक्के कळलेले असते. साधारण आठव्या-नवव्या महिन्यापासून हे विरहभय दिसू लागते आणि दुसऱ्या वर्षात ते तीव्र असते. ही वाढीची स्वाभाविक अवस्था होय, व्याधी नव्हे.

बालकाला एकाएकी जागे करू नये, एकाएकी उचलून नेऊ नये, असे सुश्रुताचार्य सांगतात. रडणाऱ्या मुलाला राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये, असे चरकाचार्य बजावतात. आपल्याकडचा बागुलबुवा याच निषेधात मोडतो. आधुनिक मानसशास्त्रात जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात मातृविरहाच्या परिणामांकडे लक्ष वेधले. भयापासून बालकाला जपण्याचा विचार मात्र आपल्या संहितांत पूर्वीपासून आहे.

असे असताना गुटीत जायफळाचे वेढे वाढवून मूल निजवणे हा उपचार नव्हे. मात्रेबाहेरचे जायफळ गुंगी आणते, आणि गुंगी म्हणजे निद्रा नव्हे. गिरणीत जाणाऱ्या मुंबईच्या कामकरी स्त्रिया १९२० च्या दशकात तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळगोळी’ देत असत. तो इतिहास वैद्यांनी तरी विसरू नये.

यावर सांगण्याजोगा उपाय साधा आहे. वेचणीपूर्वी आठ-दहा दिवस, आई घरात असतानाच, आजीने मुलाला अभ्यंग करावा, भरवावे व निजवावे. वेळ, जागा व हात रोज तेच असावेत. नंतर आईने थोडा वेळ बाहेर जाऊन परत यावे व हा अवधी वाढवीत न्यावा. जाताना मुलाला सांगून जावे. ते रडेल, तरी सांगावे, आणि सांगितल्याप्रमाणे परतावे. ज्याने निजवले तोच जागे होताना समोर असावा. आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी झोळीत असली तर तिचा परिचित गंध मुलाला धीर देतो. औषधाची खरोखर गरज वाटल्यास ते वैद्याने मात्रा ठरवून द्यावे. घरच्या अंदाजावर सोडू नये.

अर्थात, ज्या घरात आजी नाही तेथे हा सल्ला अपुरा पडतो. अंगणवाडीतील पूर्वप्राथमिक शिक्षण तीन ते सहा वर्षे वयासाठी आहे. त्याआधीचे मूल धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत किंवा मोठ्या बहिणीच्या कडेवर राहते आणि त्या बहिणीची शाळा बुडते. केंद्र शासनाच्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिन्यांपासूनच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघराची तरतूद आहे. आपापल्या गावी ते सुरू व्हावे म्हणून ग्रामपंचायतीकडे शब्द टाकणे हेही कौमारभृत्यच आहे. संघटनेच्या तालुका शाखांनी वेचणीच्या हंगामापूर्वी हा विषय बैठकीत घ्यावा, ही विनंती.