बॉनेटखाली कोण?

मित्रांनो, रस्त्यावरून गाडी गेली की तुम्ही तिचं नाव पटकन सांगता, हो ना? पण तिच्या बॉनेटखालचं इंजिन कुणाचं, ते सांगाल? तुम्ही म्हणाल, ‘त्यात काय, जिची गाडी तिचंच इंजिन!’ थांबा. अमेरिकेत घडलेली ही खरी गोष्ट आधी ऐका.

जनरल मोटर्स ही तिथली बडी कंपनी. तिच्या गाड्यांची जणू शिडीच होती. सर्वांत खाली स्वस्तातली शेवरोले, मग पाँटियाक, ओल्ड्समोबिल, ब्यूक आणि टोकावर ऐटदार कॅडिलॅक. ओल्ड्समोबिलचं ‘रॉकेट’ इंजिन १९४९ पासून गाजलेलं. लोक त्या नावासाठी चार पैसे जास्त मोजत.

१९७७ साली शिकागोच्या एका गृहस्थांनी आपली नवी ओल्ड्समोबिल गॅरेजात नेली. मेकॅनिकने ओल्ड्समोबिलचे सुटे भाग आणले, तर ते बसेचनात! नीट पाहिलं, तर आत इंजिन शेवरोलेचं! झालं, एकच गदारोळ उडाला. इलिनॉय राज्याच्या मुख्य सरकारी वकिलांनी कंपनीवर दावाच ठोकला.

कंपनी म्हणाली, ‘मागणी वाढली, रॉकेट इंजिनं पुरेनात.’ गंमत म्हणजे दोन्ही इंजिनं सारख्याच मापाची, सुमारे ५.७ लिटरची. शेवरोलेचं इंजिन टाकाऊ तर मुळीच नव्हतं. मग लोक चिडले कशाला?

असं बघा, तुम्ही हापूसचे पैसे दिले आणि पेटीत पायरी निघाली तर? पायरीही गोडच असते. पण दुकानदाराने आधी सांगायला नको? शेवटी कंपनीने अशा ग्राहकांना २०० डॉलर आणि वाढीव हमी देऊ केली. पुढे जाहिरातींतही छापलं, की आमच्या गाड्यांत कंपनीच्या वेगवेगळ्या विभागांची इंजिनं असतात.

इंजिन वाटून घेणं हा काही गुन्हा नाही बरं का! नवं इंजिन तयार करायला अफाट खर्च येतो. तेच इंजिन जास्त गाड्यांत बसवलं, की तो खर्च विभागला जातो. २०१७ मध्ये रेनो आणि मर्सिडीजवाल्या डाइमलर कंपनीने मिळून १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन तयार केल्याचं उघडपणे जाहीर केलं. ते रेनोच्या घरगुती गाडीत बसलं आणि मर्सिडीजच्या ए-क्लासमध्येही! गिअरबॉक्स, आसनं, आतली शांतता यांत मात्र फरक राहतोच. जास्त पैसे जातात ते त्यासाठी, आणि थोडे नावासाठीही.

तेव्हा आईबाबांबरोबर गाडी बघायला गेलात, की रंगाआधी एक प्रश्न विचारा, ‘काका, हे इंजिन आणखी कोणकोणत्या गाड्यांत आहे?’ उत्तर सरळ मिळालं, तर दुकान चांगलं समजा!