विश्लेषण : चेहरा मधुबालाचा, आवाज लतादीदींचा... पण गाण्यावर हक्क कोणाचा?

जुन्या हिंदी चित्रपटांतील नायिकांचे चेहरे एआयच्या मदतीने हलवून-बोलवून दाखवणारे आणि दिवंगत गायकांच्या आवाजात आजची गाणी ऐकवणारे व्हिडिओ समाजमाध्यमांवर आता सर्रास दिसतात. सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांनी आपल्या आवाजाच्या अशा वापराविरोधात मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने त्यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. मात्र हा दिलासा स्वतः न्यायालयात जाऊ शकणाऱ्या कलाकाराला मिळाला. मधुबाला, मीना कुमारी, नूतन किंवा लता मंगेशकर आज हयात नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर आणि आवाजावर आता हक्क कोणाचा?

आशा भोसले प्रकरण काय होते?

कोणाचाही आवाज आशा भोसले यांच्या आवाजात बदलून देणारी एआय साधने काही कंपन्या उपलब्ध करून देत होत्या. त्यांच्या नावाचा आणि छायाचित्रांचा वापर करून वस्तूही विकल्या जात होत्या. ९२ वर्षांच्या आशा भोसले यांनी याला आव्हान दिले. परवानगी न घेता एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीच्या आवाजाची नक्कल करणारे साधन उपलब्ध करून देणे हे त्या व्यक्तीच्या व्यक्तिमत्त्व हक्कांचे उल्लंघन आहे, असे न्यायालयाने प्रथमदर्शनी मान्य केले. याच न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांना असाच दिलासा दिला होता. व्यक्तिमत्त्व हक्कांसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. खासगीपणाचा हक्क, ट्रेडमार्क आणि कॉपीराइट यांच्या आधारे न्यायालयांनी तो निकालांतून घडवला आहे.

एका गाण्यात किती हक्क असतात?

ऐकणाऱ्याला गाणे एकच वाटते. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यात शब्द, चाल, ध्वनिमुद्रण आणि चित्रपट अशा चार वेगवेगळ्या गोष्टी असतात. त्या प्रत्येकीची मुदतही वेगळी मोजली जाते. शब्द आणि चाल यांचा कॉपीराइट गीतकार व संगीतकार यांच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रण आणि चित्रपट यांचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे असतो.

५ ऑगस्ट १९६० रोजी प्रदर्शित झालेल्या ‘मुघल-ए-आझम’चे उदाहरण घेऊ. शीशमहालात मधुबालावर रंगीत चित्रित झालेले यातील गाणे शकील बदायुनी यांनी लिहिले, नौशाद यांनी संगीतबद्ध केले आणि लता मंगेशकर यांनी गायले. मूळ चित्रपट आणि १९६०च्या ध्वनिमुद्रिकांची ६० वर्षांची मुदत ३१ डिसेंबर २०२० रोजी संपली. शकील यांचे निधन १९७० मध्ये झाल्याने शब्दांना २०३० अखेरपर्यंत संरक्षण आहे. नौशाद २००६ मध्ये गेले, त्यामुळे चालीला २०६६ अखेरपर्यंत.

म्हणजे ध्वनिमुद्रण मुक्त झाले तरी गाणे मुक्त झाले, असे होत नाही. व्यावसायिक वापरासाठी शब्द आणि चाल यांच्या हक्कधारकांची परवानगी लागतेच. २००४ मध्ये रंगीत करून पुन्हा प्रदर्शित झालेल्या आवृत्तीबाबत वेगळा दावाही होऊ शकतो.

या हिशोबात लतादीदी आणि मधुबाला कुठे आहेत?

गायिकेची दखल घ्यायला कायद्याला किती वेळ लागला?

मुळात गायिकेचे नाव लोकांपर्यंत पोहोचायलाच वेळ लागला. १९४९च्या ‘महल’मधील ‘आएगा आनेवाला’ची तबकडी बाजारात आली तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून ‘कामिनी’ असे छापले होते. हे मधुबालाने साकारलेल्या पात्राचे नाव. गाणे कोणी गायले, अशी विचारणा आकाशवाणीकडे होऊ लागल्यावर लता मंगेशकर हे नाव श्रोत्यांना समजले. फिल्मफेअर पुरस्कारांतही सुरुवातीला पार्श्वगायनाचा विभाग नव्हता. तो १९५९ पासून सुरू झाला आणि पहिला पुरस्कार ‘मधुमती’साठी लतादीदींनाच मिळाला.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला गायकांनाही रॉयल्टी मिळावी, अशी मागणी लतादीदींनी लावून धरली. मानधन घेतले की गायकाचा संबंध संपतो, असे मोहम्मद रफी यांचे मत होते. या मतभेदातून दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे बंद केले. संगीतप्रेमी हा किस्सा दोन मोठ्या कलाकारांचा रुसवा म्हणून सांगतात. प्रत्यक्षात तो श्रमाच्या मोबदल्याचा वाद होता.

कायदा तेव्हा निर्मात्याच्या बाजूने होता. चित्रपटासाठी लिहून घेतलेल्या गीतांचा आणि बांधून घेतलेल्या चालींचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटले. गायकांना आपल्या कायद्यात काहीच स्थान नाही, याकडे न्या. व्ही. आर. कृष्णा अय्यर यांनी त्याच निकालात लक्ष वेधले होते.

कलाकारांचे हक्क कायद्यात आले ते १९९४ मध्ये. रॉयल्टीवरचा हक्क त्यानंतर १८ वर्षांनी, २०१२च्या दुरुस्तीने मिळाला. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी या दुरुस्तीसाठी आग्रह धरला होता. त्यानंतर २०१३ मध्ये गायकांसाठी रॉयल्टी गोळा करणारी ‘इसरा’ ही संस्था स्थापन झाली.

पण यात एक मेख आहे. कलाकाराच्या हक्काची मुदत सादरीकरणाच्या पुढील वर्षापासून फक्त ५० वर्षे आहे. ‘मुघल-ए-आझम’ला हे गणित लावले, तर मुदत फार तर २०१० अखेरपर्यंत जाते. म्हणजे गायकाला रॉयल्टी देणारी दुरुस्ती आली, तेव्हा १९४९ ते १९६१ या काळातील, ज्याला सुवर्णकाळ म्हणतात त्यातील, गाण्यांची मुदत उलटून गेली होती. ज्या गायिकेने हा प्रश्न मांडला, तिचीच सर्वाधिक गाजलेली कित्येक गाणी या हक्काच्या बाहेर राहिली.

नायिकेच्या वाट्याला काय?

गायिकेपेक्षाही कमी. चित्रपटात काम करायला अभिनेत्रीने संमती दिली की त्या अभिनयाच्या वापरावर आक्षेप घेण्याचा तिचा हक्क जवळपास संपतो. त्यातून मिळणारे उत्पन्न निर्मात्याकडे किंवा पुढे हक्क विकत घेणाऱ्याकडे जाते. गाणे दूरचित्रवाणीवर कितीही वेळा लागले, यूट्यूबवर कितीही वेळा पाहिले गेले, तरी ज्या चेहऱ्यामुळे ते लक्षात राहिले त्या चेहऱ्याच्या मालकिणीला सहसा काही मिळत नाही.

२०१२च्या दुरुस्तीने कलाकारांना एक नैतिक हक्क मात्र दिला. आपल्या सादरीकरणाची प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाल्यास कलाकार दाद मागू शकतो. एआयच्या काळात हा हक्क महत्त्वाचा ठरू शकतो. पण तो वारसांना वापरता येईल, असे त्या कलमात लिहिलेले नाही. गीतकार आणि संगीतकार यांच्याबाबत मोडतोडीविरोधात दाद मागण्याचा हक्क कायदा वारसांना देतो. गाणे लिहिणारा गेला तरी त्याच्या वतीने कुणी उभे राहू शकते. गाणारीचे आणि पडद्यावर दिसणारीचे तसे नाही.

निधनानंतर व्यक्तिमत्त्व हक्क राहतो का?

याचे सध्याचे उत्तर बहुतांशी नकारार्थी आहे. सुशांतसिंह राजपूत याच्या आयुष्यावर आधारित चित्रपटाविरोधात त्याच्या वडिलांनी दावा केला होता. खासगीपणाचा आणि प्रसिद्धीचा हक्क व्यक्तीबरोबरच संपतो, तो वारशाने मिळत नाही, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये घेतली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मात्र प्रसिद्ध व्यक्तीचे नाव, आवाज आणि चेहरा यांना निधनानंतर ७० वर्षे संरक्षण आहे.

हे लागू केले, तर चित्र विसंगत दिसते. आशा भोसले यांच्या आवाजाची नक्कल न्यायालय थांबवते. लता मंगेशकर यांचे निधन ६ फेब्रुवारी २०२२ रोजी झाले, तर मधुबालाचे १९६९ मध्ये. त्यांच्या बाबतीत वारसांना तोच युक्तिवाद करता येईल, याची खात्री नाही.

पुढे काय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत बदलाचा मसुदा मांडला. एआयने तयार केलेल्या दृश्य आणि आवाजावर तशी ठळक खूण असावी, हा त्यामागचा विचार. अशी खूण प्रेक्षकाची फसवणूक टाळेल. पण आवाज आणि चेहरा वापरण्याची परवानगी कोणाकडून घ्यायची आणि पैसे कोणाला द्यायचे, हा प्रश्न खुणेने सुटत नाही.

दुसऱ्या बाजूचा मुद्दाही खरा आहे. कॉपीराइटला मुदत असते ती जुनी कला पुन्हा समाजाची व्हावी म्हणून. वारसांना अमर्याद हक्क दिले, तर चरित्रपट, विडंबन, संशोधन आणि एखाद्या हौशी कलाकाराची मैफलही अडचणीत येईल. त्यामुळे जुने गाणे नव्याने गाणे आणि मेलेल्या गायिकेकडून न गायलेले गाणे गाऊन घेणे यांत कायद्याला रेघ ओढावी लागेल. पहिल्या गोष्टीत गाणे पुढे जाते. दुसरीत एका माणसाच्या तोंडी त्याने कधीच न म्हटलेले शब्द घातले जातात, आणि नाही म्हणायला ते माणूस उरलेले नसते.