‘यू विन अगेन’: एका तबकडीच्या दोन बाजू

सन २०००. बेलफास्टचा गायक व्हॅन मॉरिसन आणि अमेरिकेतील लुईझियाना राज्याची पियानोवादक-गायिका लिंडा गेल लुईस यांचा ‘यू विन अगेन’ हा युगुलगीतांचा अल्बम प्रसिद्ध झाला. गाणी तेरा, त्यांतले मॉरिसनचे स्वतःचे एकच, बाकी सारी जुनी, इतरांची. दोन मुरलेल्या कलावंतांची हलकीफुलकी करमणूक म्हणून तो बाजूला सारणे सोपे आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तसे करू नये.

शीर्षकगीताचाच प्रवास पाहावा. हँक विल्यम्सने ते १९५२ साली ध्वनिमुद्रित केले. हँक म्हणजे कंट्री संगीताचा मुकुटमणी. पण पोरवयात त्याला गाण्या-वाजवण्याचे धडे दिले ते अलाबामात रस्त्यावर गाणाऱ्या रुफस पेन या कृष्णवर्णीय कलावंताने. पुढे १९५७ मध्ये जेरी ली लुईसची ‘ग्रेट बॉल्स ऑफ फायर’ ही तबकडी निघाली. रॉक अँड रोलचा तो स्फोटच! आणि तिच्या दुसऱ्या बाजूला काय होते? हँकचे ‘यू विन अगेन’. लिंडा ही याच जेरी लीची धाकटी बहीण.

मग या दोन संगीतांमध्ये भिंत कोणी घातली? प्रामुख्याने बाजाराने. १९२०च्या दशकात ध्वनिमुद्रण कंपन्या कृष्णवर्णीयांच्या तबकड्या ‘रेस रेकॉर्ड्‌स’ म्हणून, तर दक्षिणेतील गोऱ्यांच्या ‘हिलबिली’ म्हणून विकू लागल्या. गाणारा कोणत्या वर्णाचा, यावर कप्पा ठरे. सूर, ताल, वाद्ये यांची चौकशी नंतर. १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाने आपल्या याद्यांसाठी ‘रिदम अँड ब्लूज’ आणि ‘कंट्री अँड वेस्टर्न’ ही नावे स्वीकारली. शब्द सभ्य झाले, कप्पे तेच राहिले.

बेलफास्टच्या एका घरात मात्र हे कप्पे नव्हते. मॉरिसनचे वडील जहाजबांधणीच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन. काही काळ डेट्रॉइटला राहून आलेल्या या गृहस्थांकडे अमेरिकन तबकड्यांचा मोठा संग्रह होता आणि त्यात ब्लूज व कंट्री शेजारी शेजारी नांदत. म्हणूनच या अल्बममध्ये हँकची तीन गाणी आणि जॉन ली हूकरने १९४८ साली डेट्रॉइटमध्येच ध्वनिमुद्रित केलेले ‘बूगी चिलन’ एकत्र आले, तेव्हा त्यात कसलाही आव दिसत नाही.

तरीही या सरमिसळीला निरागस मानणे भाबडेपणाचे होईल. याच अल्बममध्ये ‘ओल्ड ब्लॅक जो’ आहे. स्टीफन फॉस्टर या गोऱ्या रचनाकाराने १८६० साली, गुलामगिरी कायदेशीर असताना, एका वृद्ध कृष्णवर्णीयाच्या तोंडी घातलेले हे गीत. सूर सीमा ओलांडून गेले. श्रेय आणि पैसा यांना तशी मोकळीक क्वचितच मिळाली. हँकच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकता येतात. त्याच्या गुरूची, १९३९ साली माँटगोमेरीत वारलेल्या रुफस पेनची, एकही उपलब्ध नाही.