‘सुमंगली’ कसली, ही तर वेठबिगार!

सुमंगली म्हणजे सौभाग्यवती. तामिळनाडूतील सूतगिरणीवाल्यांनी हा गोड शब्द आपल्या एका योजनेला दिला. कोइमतूर, तिरुपूर, इरोड, दिंडिगल या पट्ट्यात सूतगिरण्या आणि तयार कपड्यांचे कारखाने दाटीने उभे आहेत. आपल्या विदर्भ-मराठवाड्याचा कापूसही तिकडे जातो. त्याचे सूत होते, सुताचे कापड होते आणि कपडे शिवून परदेशातल्या बड्या दुकानांत टांगले जातात. हे सूत कातणाऱ्या मुली कोण? गरिबाघरच्या. त्यांतल्या पुष्कळ दलित.

दलाल खेड्यात येई. आईबापांना सांगे, पोरीला तीन वर्षे गिरणीत पाठवा. वसतिगृह आहे, जेवणखाण आहे, आणि तीन वर्षे भरली की लग्नासाठी ३० ते ५० हजार रुपये एकरकमी मिळतील. हुंड्याच्या काळजीने खंगलेल्या बापाला हा मोठा आधार वाटे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीही अशा गेल्या. तिथे गेल्यावर मात्र वसतिगृहाबाहेर पडायला बंदी, फोनवर बोलताना कोणीतरी शेजारी उभे, आणि पाळीवर पाळी. २०११ साली नेदरलँड्समधील दोन संस्थांनी यावर अहवाल काढला, तेव्हा जगभर बोभाटा झाला. पुढे योजनेचे नाव मागे पडले. पण मुलींना कोंडून राबवण्याची रीत २०१४ च्या अहवालातही दिसली.

आम्ही पडलो कारकून. आम्हाला आधी हिशेब सुचतो. ५० हजारांना ३६ महिन्यांनी भागा. महिन्याला १,४०० रुपयेसुद्धा पडत नाहीत. आणि हे मालकाचे बक्षीस नव्हे, तिच्याच मजुरीतून मागे ठेवलेला पैसा! तिसऱ्या वर्षी पोर आजारी पडून घरी आली, तर तोही बुडाला. म्हणजे ठेव आपली, व्याज मालकाचे, आणि मुदतीआधी उठलो तर मुद्दलही मालकाचे.

वतनाच्या नावाखाली गावकीची कामे उपसणाऱ्या आपल्या आजा-पणजांना वेठ म्हणजे काय हे शिकवावे लागले नसते. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनासंबंधी बिल आणले, ते त्यासाठीच. गिरणगावात तर तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होईल, म्हणून जास्त पगाराच्या वीणखात्याचे दार आपल्या माणसाला बंद होते. तेव्हा दाराबाहेर ठेवले, आता दाराआड कोंडले. किल्ली दोन्ही वेळा दुसऱ्याच्याच हाती.

पण कायदा आपल्या बाजूने आहे. घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी केली. १९८२ साली दिल्लीच्या एशियाड मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच. कारण भूकही माणसावर सक्ती करते. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने वेठीला बांधणारे कर्ज किंवा उचल रद्द होते. राबवून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्याकडे सोपवलेली आहे.

तरीही नुसता कायदा पुरत नाही, संघटना लागते. जानेवारी २०२१ मध्ये दिंडिगलकडील एका कपड्याच्या कारखान्यातील तरुण दलित कामगार भगिनीचा खून झाला. तिच्या पर्यवेक्षकाला अटक झाली. तेथील दलित बायकांच्या पुढाकाराने चालणारी कामगार संघटना गप्प बसली नाही. तिने मालकालाच नव्हे, तर माल विकत घेणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही जाब विचारला. एप्रिल २०२२ मध्ये करार झाला. कारखान्यात छळ होतो का, यावर कामगार बायकांनीच नजर ठेवायची. मालकाने करार मोडला तर कंपन्यांनी त्याच्याकडचा धंदा आवरता घ्यायचा. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने त्या कारखान्याचा माल अडवला होता. सुधारणा पाहून सप्टेंबरात ती बंदी उठवली. मालाची वाट अडली की मालकाचे कान उघडतात, हे यातून शिकण्यासारखे आहे.

मायबहिणींनो, उद्या आपल्या वस्तीत असा दलाल आला, तर एवढे करा. नेमणुकीचे पत्र आधी हातात घ्या. मूळ आधारकार्ड आणि शाळेचा दाखला कोणाला देऊ नका, झेरॉक्स द्या. पगार दरमहा मुलीच्या खात्यात यावा आणि एटीएम कार्ड तिच्याच जवळ असावे. प्रॉव्हिडंट फंड कापतात तर त्याचा नंबर मागा. सुट्टीला घरी येता येईल का, फोन जवळ ठेवता येईल का, हे साक्षीदारांसमोर विचारा. आणि चौदा-पंधरा वर्षांची पोर असेल तर प्रश्नच नाही. तिची जागा शाळेत.

शेवटचे एक. या सगळ्याच्या मुळाशी हुंडा आहे. तो घेणार नाही आणि देणार नाही, असे आपण ठरवले, तर दलालाच्या हातातले निम्मे आमिष गळून पडते. लग्न चार माणसांत, साधेपणाने लागते. त्यासाठी लेकीची तीन वर्षे गहाण टाकायची गरज नाही.

जयभीम!